प्रकल्पाच्या दस्तऐवजांचं फॉर्मॅटिंग साफ करायचं आहे. फॉर्मॅटर, म्हणजे मांडणी आपोआप सुधारणारा प्रोग्राम, सगळ्या फाइलींवर एकदम चालवू का?

नका चालवू. मजकूर मराठी असेल तर मुळीच नका.

मी जळगावात एका लहान प्रकल्पावर होतो. केळीला ठिबकने पाणी आणि खत कधी द्यायचं, याचं वेळापत्रक काढणारं ॲप. त्याची मराठी मदतपानं मी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी ठरवायच्या पद्धतीत, लिहिली. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांतल्या लागवडींच्या वेळा ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळीअखेर दोन स्पेस. वरिष्ठांनी एका शुक्रवारी सगळ्या फाइलींवर स्क्रिप्ट फिरवली: ओळीअखेरच्या स्पेस आणि 'अदृश्य कचरा' काढून टाकायचा. आधी एका फाइलवर बघू, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "स्पेसला कोण विचारतं?"

मार्कडाउनमध्ये त्या दोन स्पेस म्हणजे ओळ तोडायची खूण. त्या गेल्या आणि दोन्ही बागांच्या वेळा एकाच परिच्छेदात मिसळल्या. 'कचऱ्यात' शून्य रुंदीचं जोडचिन्हही गेलं, म्हणजे अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं, न दिसणारं युनिकोड चिन्ह यू+२००डी. आमच्या मजकुरात र, हलंत, ते चिन्ह आणि य असा 'ऱ्य' टाइप केलेला होता. चिन्ह गेलं की त्याचा रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो. आमच्याकडे पानोपानी 'शेतकऱ्यांनी'चं 'शेतकर्यांनी' झालं.

तेच पान छापून मी रावेरला अण्णांना दाखवायला नेलं. जन्म केळीत गेलेला माणूस. चष्मा काढून म्हणाले, "शेतकरी लिहिता येईना, अन् पाणी कधी सोडायचं ते आम्हाला सांगता?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून सांगतो, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये एका कमिटमध्ये, म्हणजे एका नोंदीत, एकच प्रकारचा बदल करा, आणि पान ब्राउझरमध्ये उघडून वाचा, नुसता डिफ, म्हणजे जुन्या-नव्या ओळींतला फरक, बघू नका. ओळ तोडायला स्पेसऐवजी यादी वापरा. 'ऱ्य' लिहिताना नुक्त्याचा ऱ, हलंत, य असं टाइप करा, मग जोडचिन्ह लागतच नाही. फॉर्मॅटिंगच्या कमिटमध्ये मजकुराला हात लावू नका. त्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, वगळायच्या यादीत टाका. कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारं गिटचं ब्लेम २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून अशी यादी मानतं. आमच्या फाइलींत मात्र अजून प्रत्येक ओळीपुढे वरिष्ठांचं नाव दिसतं, लिहिलेलं माझं असून.

दस्तऐवज फक्त इंग्रजीत असतील आणि ओळीअखेरच्या स्पेसवर काही अवलंबून नसेल, तर एकदम चालवलात तरी चालेल. फक्त कोणाचे पुल रिक्वेस्ट, म्हणजे मुख्य प्रतीत घ्यायला पाठवलेले बदल, उघडे असतील तर आधी ते मर्ज होऊ द्या, म्हणजे त्यात मिसळू द्या.