लहान विज्ञान-अभियांत्रिकी कॉलेजात वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुलं वाढली की नेमकं काय बदलतं?

सगळ्यात आधी पहिल्या वर्षाचा वर्ग बदलावा लागतो. कॅलिफोर्नियातलं हार्वी मड कॉलेज बघा, विद्यार्थी साधारण 900. तिथे आधीपासून कोडिंग येणाऱ्यांची आणि नवख्यांची तुकडी वेगळी केली, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेऐवजी पायथन ही भाषा आणली. नाहीतर दोन-चार तयारीची मुलंच सगळी उत्तरं देतात आणि बाकीची 'हे आपल्याला जमणारं नाही' म्हणून मागे गप्प बसतात. 2006 नंतरच्या काही वर्षांत कॉम्प्युटर सायन्समध्ये मुलींचं प्रमाण सुमारे 10 वरून 40 टक्क्यांवर गेलं.

पण अभ्यासाचा बोजा तसाच राहिला, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. 2017 मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे वर्ग बंद ठेवावे लागले. समुपदेशनासाठी जादा निधी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती.