समुद्रतळाच्या गाळाचं वय सूक्ष्म जीवाश्मांवरून कसं ठरवतात? ते कितपत अचूक असतं?

कार्बन डेटिंग असताना ही शिंपल्यांची भानगड कशाला, असंही तुम्ही विचारलंय. मी गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत दोनेक वर्षं हेच काम केलं, म्हणजे मुख्यतः चाळण्या धुतल्या. तेवढ्या अधिकारावर सांगते.

कार्बन-१४ फार तर ५० हजार वर्षांपर्यंत साथ देतो, त्यामागे मोजण्याइतका उरतच नाही. अरबी समुद्रातला कोअर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला गाळाचा लांब दंडगोल, काही मीटर खाली गेला की ही हद्द ओलांडतो. तिथून पुढे मदार फोरॅमिनिफेरांसारख्या जिवांवर. हे एकपेशीय, यांतले काही पाण्याच्या वरच्या थरांत तरंगतात आणि मेले की त्यांची चुन्याची कवचं तळाशी साचतात.

गाळाचा तुकडा भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर बारीक धारेखाली धुवायचा. चिखल वाहून जातो, मागे चिमूटभर पांढरी रेती उरते. ती ओव्हनमध्ये वाळवून काळ्या ट्रेवर पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच टिपायचं. त्या वेळी शिंक आली तर सकाळची सगळी मेहनत टेबलाखाली.

आता वय. ‘ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर’ नावाच्या फोरॅमची कवचं पांढरी असतात, तशी गुलाबीही. गुलाबी रुबर अटलांटिकमध्ये आजही सापडते. हिंदी आणि प्रशांत महासागरांतून मात्र ती सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. म्हणून आपल्याकडच्या कोअरमध्ये वरून खाली येताना पांढरी, पांढरी, पांढरी... आणि एका नमुन्यात गुलाबी दिसू लागली, की आपण त्या काळापाशी पोचलो. जुन्या गल्ल्यात पावल्या दिसू लागल्या की तो थर २०११ च्या आधीचा, तसंच हे. पण आजीच्या देव्हाऱ्यात पावली अजून आहे, हे विसरायचं नाही. एका दाण्यावर वय ठरवत नाहीत.

हे मी फजिती होऊन शिकले. अगदी वरच्या, कोवळ्या गाळात मला एक गुलाबी दाणा सापडला. धावत सरांकडे गेले. त्यांनी ट्रेकडे पाहिलंही नाही. “चाळणी निळीत बुडवली होतीस का?” नीळ म्हणजे मेथिलीन ब्लू. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी त्यात बुडवतात, म्हणजे जाळीत अडकलेलं आधीचं कवच निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात लगेच ओळखू येतं. मी बुडवली नव्हती. तो दाणा आदल्या दिवशीच्या, बऱ्याच खालच्या नमुन्यातला असणार.

तळात ड्रिलिंग करणाऱ्या संशोधन-जहाजावर एवढा वेळ नसतो. तिथे टूथपिकच्या टोकावर येईल इतका गाळ काचपट्टीवर पसरून त्यात नॅनोफॉसिल पाहतात; हे शैवालांचे चुन्याचे, तबकडी-चांदण्यांसारखे अवशेष, फोरॅमपेक्षा कितीतरी बारीक. चांदणीच्या आकाराचे डिस्कोअ‍ॅस्टर सुमारे १९ लाख ३० हजार वर्षांपूर्वी संपले, त्यामुळे ती खूण सगळ्यांना पाठ असते.

हे आकडे जीवाश्मांवर लिहिलेले नसतात, बरं का. जीवाश्म फक्त क्रम सांगतात. वर्षं मिळतात ती त्याच गाळात नोंदलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय उलटापालटींवरून, ज्वालामुखीच्या राखेच्या आर्गॉन-वयांवरून (राखेत साचलेल्या आर्गॉन वायूवरून काढलेलं वय) आणि पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांच्या तालावरून. एकदा अशी सांगड घातली की पुढच्या कोअरला तीच खूण वापरता येते.

जुने जीवाश्म नव्या गाळात वाहून येण्याचं सर्वांत अचाट उदाहरण आपल्या दारातलं आहे. २०१५ मध्ये ‘जॉयडीस रेझोल्यूशन’ जहाजानं मोहीम ३५५ मध्ये अरबी समुद्राच्या तळातल्या लक्ष्मी खोऱ्यात ड्रिलिंग केलं. त्यातली यू१४५६ ही जागा साधारण विजयदुर्गाच्या सरळ पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटरवर, ३,६०० मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात. तिथे जवळपास ३३० मीटर जाडीचा कोसळलेल्या मालाचा थर लागला, त्यात उथळ समुद्रातल्या चुनखडीचे तुकडेसुद्धा. समुद्राखालची ही दरड आता नटराज स्लाइड म्हणून ओळखली जाते. त्या थरातले जीवाश्म घेऊन तिचं वय काढायला बसलात तर फसलात, कारण ते मुळात दुसरीकडचे. वय निघालं ते तिच्यावर शांतपणे साचलेल्या गाळातून: दरड सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वीच्या जरा आधीची.

अचूकतेचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. जहाजावर पहिली तपासणी प्रत्येक कोअरच्या तळाच्या नमुन्यावर होते, म्हणजे साधारण दर साडेनऊ मीटरला एक. गाळ हजार वर्षांत ५ सेंटीमीटर साचत असेल तर दोन नमुन्यांमधलं अंतर १ लाख ९० हजार वर्षांचं झालं. जीव त्यात कुठेतरी संपला, एवढंच कळतं. नंतर प्रयोगशाळेत १०-१० सेंटीमीटरवर नमुने घेतले तर तेच अंतर २ हजार वर्षांवर येतं. त्याहून बारीक जाऊन फारसा फायदा नाही, कारण तेवढा थर तळातल्या किड्यांनी आधीच उकरून ठेवलेला असतो.