नूतनग्रामच्या लाकडी गौर-निताई मूर्तींना पाण्याचा अभिषेक चालतो का?

नाही, पश्चिम बंगालच्या पूर्व बर्धमान जिल्ह्यातील नूतनग्राममध्ये घडणाऱ्या गौर (वैष्णव संत चैतन्य महाप्रभू) आणि निताई (त्यांचे सहकारी नित्यानंद) यांच्या या रंगीत लाकडी मूर्तींना पाण्याचा अभिषेक करू नये; कोरड्या मऊ कापडाने पुसून गंध-फुले वाहावीत. येथील सूत्रधार (सुतारकाम करणाऱ्या समाजातील) कारागीर बहुधा शिवणीचे लाकूड वापरतात. ते हलके, पटाशीला सोपे आणि वाळल्यावर फारसे न वाकणारे असते, पण ओल लागली की त्यावरचा रंग सुटू लागतो. शिवाय या शैलीत कोरीवकाम मुद्दामच मोजके असते. ओंडक्यातून ढोबळ आकार काढला की डोळे, वस्त्रे आणि दागिने यांचा बराचसा भाग कुंचल्यानेच उमटतो, त्यामुळे रंग गेला की मूर्तीचा चेहराच जातो. (लक्ष्मीचे वाहन असलेले तेथील प्रसिद्ध घुबडही याच पद्धतीचे.) चैतन्य महाप्रभूंनी 1510 मध्ये जेथे संन्यास घेतला ते काटोया जवळच असल्याने गौर-निताईंच्या जोडमूर्तींना या भागात विशेष स्थान आहे. अर्थात, हा नियम सरसकट सर्व काष्ठमूर्तींना लागू नाही: पुरीला स्नानपौर्णिमेला जगन्नाथाच्या काष्ठमूर्तींना 108 घटांनी स्नान घालतात, मात्र त्यानंतर अणसर काळात, म्हणजे मूर्तींचे दर्शन बंद असते त्या दिवसांत, त्या पुन्हा रंगवल्या जातात.