गुरुवारची संध्याकाळ बंद करू नका

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा संभाजीनगरला राहून नीटचा दुसरा प्रयत्न करतोय, दर गुरुवारी क्लास सुटला की एसटी धरून खुलताबादच्या दर्ग्यात जातो आणि ‘तिथं बसलं की जीव हलका होतो’ म्हणतो. मामांना ही पळवाट वाटते. त्यात आता ‘मला मानसशास्त्र शिकायचंय’ हे नवीनच. जाणं थांबवू का, असं तुम्ही विचारलंय.

थांबवू नका. आठवडाभर त्याला जो भेटेल तो एकच विचारतो, किती पडले? रविवारची टेस्ट, भिंतीवर लावलेली यादी, संध्याकाळी घरचा फोन. दर्ग्याच्या ओसरीवर बसलेल्या पोराला 720 पैकी किती, हे कुणी विचारत नाही. त्याला तेवढा एक तास हवाय.

आणि तो जिथं जातो, ती जागा अभ्यासाच्या वैऱ्यांची नाही. तिथले सूफी संत जैनुद्दीन शिराझी आधी दौलताबादमधले विद्वान होते. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्याकडची समा, म्हणजे गाण्याची मैफल, त्यांना मान्य नव्हती. शंका घेऊन गेले आणि पुढे त्यांचेच शिष्य झाले. गुरू 1337 साली वारले, गादी यांच्याकडे आली. त्या परंपरेत शंका विचारणाऱ्याला दार उघडं होतं. आपल्या घरांत असतं का? हे मी सगळ्याच पालकांना विचारतो.

शहरातली पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून हौदात सोडलंय, त्या धारेवर जातं फिरायचं आणि ते पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमधल्या, म्हणजे सूफी मठातल्या, फकिरांना, वाटसरूंना, शिकायला आलेल्यांना पुरायचं. आधी पोटाची सोय, मग विद्या. हे बाबा नक्शबंदी या सूफी पंथाचे. त्यांच्याकडे ‘होश दर दम’ म्हणतात, प्रत्येक श्वासावर ध्यान. चुकलेल्या उत्तराचा एक गुण कापला जातो या धास्तीनं पेपरात ज्यांचे हात थरथरतात, त्यांना मी दोन मिनिटं श्वास मोजायला लावतो. फरक पडताना पाहिलाय.

मात्र एक सांगतो, हे मनापासून ऐका. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, ‘माझ्यामुळं तुम्हाला त्रास’ अशी भाषा येत असेल, तर दर्गा पुरणार नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञच गाठा. ‘टेली मानस’चा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. नवस आणि औषध दोन्ही चालू ठेवलेल्या घरांबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. नवसापायी औषध बंद केलं की भीती वाटते.

आता मानसशास्त्राचं. वाट खरी आहे, पण लांब आहे: बीए, मग एमए आणि रुग्णांवर उपचार करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे औषध देणारा मनाचा डॉक्टर, व्हायचं तर आधी एमबीबीएसच. म्हणजे आत्ताचा अभ्यास वाया जात नाही. हा प्रयत्न पुरा करू द्या, निकालानंतर दोघांनी बसून ठरवा.

येत्या रविवारी त्याच्याकडे जाणार आहात ना? डबा घेऊन जा, त्याला पाणचक्कीवर न्या. तिथं हौदाच्या काठावर निवांत बसा. टेस्टचं त्यानं आपणहून काढेपर्यंत विचारू नका.