पाळीव पोपट घरात एकटा राहिला की सतत ओरडतो; त्याला शांत राहण्याची सवय कशी लावावी?

पोपट हा थव्याने राहणारा पक्षी असल्यामुळे, माणूस खोलीबाहेर गेल्यावर तो देत असलेली हाक बहुतेक वेळा हट्ट नसून सोबत्याचा ठावठिकाणा विचारण्याची त्याची रीत असते, आणि म्हणूनच ती पूर्णपणे बंद पाडण्याचा प्रयत्न करू नये. त्याऐवजी एखादी हळू शीळ ठरवून घ्यावी; पक्ष्याने ती घातली की लगेच प्रत्युत्तर द्यावे, मात्र कर्कश ओरडण्याला धावत जाऊन किंवा दटावूनही प्रतिसाद देऊ नये, कारण दटावणे हेदेखील त्याच्या दृष्टीने लक्ष मिळणेच असते. सुरुवातीला ओरडणे उलट वाढू शकते. नेमक्या याच टप्प्यावर आपण माघार घेतली, तर तो अधिक जोराने ओरडायला शिकतो.

एकटेपणाची सवय अक्षरशः काही सेकंदांपासून लावावी. खोलीबाहेर जाऊन तो शांत असतानाच परत यावे आणि हा अवधी १ मिनिट, ५ मिनिटे असा वाढवत न्यावा. तो अस्वस्थ झाल्यास आधीच्या अवधीपासून पुन्हा सुरुवात करावी. निघण्यापूर्वी कागदात गुंडाळलेले किंवा खेळण्यात दडवलेले खाद्य द्यावे, म्हणजे ते शोधण्यात त्याचा वेळ जातो. निरोपाचा सोहळा मात्र टाळावा. रात्री १० ते १२ तासांची अखंड झोप मिळत नसेल, तर पक्षी चिडचिडा होतो आणि ही सारी मेहनत फारशी टिकत नाही.

तो स्वतःची पिसे उपटू लागला असेल, तर त्यामागे आजारही असू शकतो, त्यामुळे आधी पशुवैद्यकाला दाखवावे.