न्यायाचा संदेश सांगण्याआधी

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम. येत्या रविवारच्या उपदेशासाठी तू बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याचं पुस्तक निवडलास याचा मला आनंद आहे. मसुदा वाचला. राष्ट्रावर आणि पुढाऱ्यांवर येणाऱ्या न्यायाची वचनं तू जोरकस मांडली आहेस, पण सगळा रोख मंडळीबाहेरच्या माणसांवर आहे. आमोसाने नेमकी हीच सवय मोडून काढली.

पहिले दोन अध्याय सलग, मोठ्याने वाच. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. शेजाऱ्यांचे अपराध तो एकेक करून मोजतो. ऐकणारे माना डोलावत असणार. मग दक्षिणेचं यहूदा राज्य येतं. आमोस तिथल्या तकोवाचा, म्हणजे ते त्याचं स्वतःचं राज्य. आणि शेवटी सगळ्यांत विस्ताराने उत्तरेचं राज्य इस्राएल, जे समोर उभे आहेत तेच. आरोप काय? नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला चपलांच्या एका जोडासाठी विकलं. काळ इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याचा, इ.स.पू. आठव्या शतकाचा पूर्वार्ध. सीमा रुंदावलेल्या, श्रीमंत हस्तिदंती पलंगांवर लोळत होते, बेथेलच्या पवित्रस्थानात सण थाटात चालले होते. याजक अमस्या त्याला म्हणाला, यहूदात पळून जा, तिथेच भाकर खा. हे राजाचं पवित्रस्थान आहे. देवाच्या घरावर राजाचं नाव लावणारं हे बोलणं मला त्या पुस्तकातल्या टोळधाडीपेक्षा भयंकर वाटतं. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली.

तुझ्या मसुद्यात सातव्या अध्यायाची सुरुवात मात्र नाही. दृष्टांतात टोळ दिसतात, अग्नी दिसतो आणि आमोस देवाला विनवतो: याकोब, म्हणजे इस्राएल, कसा टिकेल? तो लहान आहे. ज्यांना सुनावायचं त्यांच्यासाठीच तो रदबदली करतो. ही प्रार्थना गाळलीस तर तुझ्या उपदेशात नुसता राग उरेल.

यिर्मया संदेष्ट्याचंही तसंच. मजुरी बुडवून गंधसरूचा वाडा बांधणाऱ्या यहूदाच्या यहोयाकीम राजाला तो परमेश्वराच्या वतीने तोंडावर सुनावतो: तुझ्या बापाने दीनदुबळ्यांचा न्याय केला, मला ओळखणं ते हेच नव्हे काय? त्याच राजाने पुढे यिर्मयाच्या वचनांचा गुंडाळीपट लेखकाच्या चाकूने कापून शेगडीत जाळला. पण हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत बाबेलच्या सत्तेचं जू मोडेल असं भविष्य सांगितलं, तेव्हा यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर तसंच करो’ म्हणाला. आपला इशारा खोटा ठरावा अशीच त्याची इच्छा होती. तुझी आहे का, हे आधी स्वतःला विचार.

आता यिर्मयाचा सव्विसावा अध्याय. याजक आणि संदेष्टे यिर्मयाचा जीव मागत होते. तेव्हा देशातले वडीलधारे उठले आणि सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा मीखा संदेष्टा त्यांनी आठवला. सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल, असं तो म्हणाला होता. तेव्हाचा राजा हिज्कीया याने त्याला मारलं का? नाही, तो परमेश्वराला भ्याला आणि अरिष्ट टळलं. म्हणजे मीखाचं म्हणणं घडलं नाही, तरी लोकांनी त्याला खोटा ठरवलं नाही. त्याच अध्यायात उरीया हा संदेष्टाही आहे. त्याला यहोयाकीमाने मिसरातून धरून आणवलं आणि तलवारीने मारलं. दोन्ही राजे दावीदाच्याच घराण्यातले होते.

मसुदा पुन्हा लिहिताना या दोन राजांना शेजारी ठेव आणि पुढाऱ्यांवरचा परिच्छेद शेवटी लिही. त्याआधी आपल्या मंडळीत कोणाची मजुरी थकली आहे, कोणत्या विधवेचं म्हणणं ऐकलं गेलेलं नाही, याची चौकशी शनिवारपर्यंत कर.

तुझा,
काका