वाचकांचे प्रश्न : शिमग्याआधी मिरची पेरू नका

या महिन्यात कॅनडातील आणि कॅनडाशी नाते असलेल्या वाचकांची बागेविषयीची तीन पत्रे आली. तिघांचाही विषय हिवाळा हाच असल्यामुळे त्यांना एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही साताऱ्याहून मिसिसागा येथे राहायला आलो, त्याला तीन वर्षे झाली. घरामागे एक लहानसा वाफा आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यात मिरची, टोमॅटो, दुधी आणि मेथी लावली होती आणि त्या चार महिन्यांत मला माहेरच्या परसात वावरल्यासारखे वाटले. ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत सगळे काळे पडले. आता जानेवारी चालू आहे, पाच वाजता दिवे लावावे लागतात, वाफ्यावर गुडघाभर बर्फ आहे आणि मी खिडकीशी उभी राहून त्याच्याकडे पाहत बसते. बियाण्यांची पाकिटे आणून ठेवली आहेत. ती आताच घरात पेरली तर मे महिन्यापर्यंत रोपे चांगली मोठी होतील, असे मला वाटते. यजमानांचे म्हणणे असे की हा निव्वळ उतावळेपणा आहे. वसंत येईपर्यंतचे हे दिवस कसे काढावेत? — एक वाचक, मिसिसागा

उत्तर : तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे, हे मला जरा नाइलाजानेच लिहावे लागत आहे, कारण स्कारबरोमधील माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी नेमका हाच उतावळेपणा केला होता. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ वाटून झाल्यावर मी बैठकीच्या खोलीतील खिडकीत टोमॅटोचे बी पेरले. ते आठवडाभरात रुजले आणि मी दोन-तीन जणांना फोन करून ते सांगितलेही. मार्च उजाडेपर्यंत रोपे हातभर उंच झाली होती. पण खोडे उदबत्तीहून फारशी जाड नव्हती, पाने फिकट होती आणि प्रत्येक रोप काडीला दोऱ्याने बांधून उभे ठेवावे लागत होते. मे महिन्यात ती बाहेर नेली, तेव्हा पहिल्याच दुपारच्या वाऱ्याने त्यांतील बहुतेक आडवी झाली. शेजारच्या इटालियन आजोबांनी एप्रिलमध्ये पेरलेली वीतभर रोपे मात्र ऑगस्टमध्ये टोमॅटोंनी लगडून गेली होती, आणि त्यांतलेच एक टोपलीभर त्यांनी मला आणून दिले.

असे का होते, हे घट बसवणाऱ्या घरात फार समजावून सांगायला नको. देवघराच्या कोपऱ्यात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले गहू नऊ दिवसांत वीतभर वाढतात, पण ते पिवळसर, लुसलुशीत आणि उजेडाच्या बाजूला कललेले असतात. दसऱ्याला टोपीत किंवा कानावर खोवायचे असल्यामुळे त्यांचे तसे असणे आपल्याला गोडच वाटते. ज्या रोपाने पुढे चार महिने उभे राहून फळ धरायचे आहे, त्याची सुरुवात मात्र अशी होऊन चालत नाही. टोरोंटोच्या परिसरात डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम ९ तासांचा असतो, तर पुण्या-साताऱ्याकडे वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. शिवाय इथला सूर्य क्षितिजापासून फारसा वर येत नाही आणि बहुतेक दिवस ढगांआड असतो, त्यामुळे दक्षिणेकडची खिडकी असली तरी रोप उजेड शोधत नुसते लांबत राहते. घरातील उष्णता त्याला वाढायला लावते आणि वाढीला लागणारा उजेड मात्र मिळत नाही.

पेरणीची तारीख उलटी मोजत आणावी लागते. इकडील जुने बागकामवाले व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे २५ मेच्या आधी येणाऱ्या सोमवारपर्यंत, नाजूक रोपे बाहेर लावत नाहीत, कारण त्याआधी पारा एखाद्या रात्री शून्याखाली जाण्याची भीती असते. मिरची आणि वांगी यांना त्याआधी ८ ते १० आठवडे घरात हवे असतात, टोमॅटोला ६ ते ८ आठवडे पुरतात आणि दुधी, कारली, दोडका यांना ३ ते ४ आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नयेत, कारण या वेलांची मुळे एकदा कुंडीत गुंडाळली गेली की जागा बदललेली त्यांना सोसत नाही. हा हिशेब आपल्या सणांवर किती नीट बसतो, हे मला फार उशिरा लक्षात आले : शिमग्याच्या सुमारास मिरची आणि वांगी, पाडव्याच्या सुमारास टोमॅटो आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास वेल. अक्षय तृतीयेला आळी करून वेलांचे बी लावण्याची चाल आपल्याकडे आहेच, तेव्हा ती इथे घरातल्या कुंडीत पाळायची एवढाच फरक. अधिक मासामुळे सण दोन-तीन आठवडे मागेपुढे सरकतात, म्हणून शंका आली तर इंग्रजी तारीखच धरावी.

मार्चमध्ये पेरताना मात्र खिडकीवर विसंबू नका. साध्या एलईडी नळ्यांचा दिवा रोपांच्या शेंड्यांपासून चार बोटे उंचीवर टांगावा, रोपे वाढतील तसा तो वर सरकवावा आणि रोज १४ ते १६ तास चालू ठेवावा. मिरचीचे बी रुजायला माती २५ ते ३० अंश उबदार लागते. तळघरातल्या थंड फरशीवर ते तीन-तीन आठवडे मातीत गप्प बसून राहते आणि आपण बियाणे विकणाऱ्याला दोष देतो. रुजल्यावर ऊब कमी करून उजेड वाढवायचा. पाणी वाजवीपेक्षा जास्त झाले तर बुरशीने रोपे मातीच्या पृष्ठभागाशीच कोलमडतात, म्हणून ट्रेमध्ये खालून पाणी द्यावे आणि वरची माती सुकू द्यावी.

आता तुमचा खरा प्रश्न राहिला, तो जानेवारीचा. तुम्हाला काहीतरी पेरायचेच आहे, तर आजच पेरता येईल असे एक बी आहे, आणि ते बाहेर, बर्फातच ठेवायचे आहे. मिल्कवीड नावाची इथली एक रानटी वनस्पती आपल्या रुईच्या कुळातली आहे. शनिवारी मारुतीला वाहतो त्या रुईसारखाच तिच्या पानातून पांढरा चीक निघतो आणि तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त हीच वनस्पती खातात, आणि तीच फुलपाखरे शरद ऋतूत इथून थेट मेक्सिकोपर्यंत जातात. मिल्कवीडच्या बीला निसर्गाने एक कुलूप घातले आहे : काही आठवडे ओलसर थंडीत राहिल्याशिवाय बहुतेक बिया उगवतच नाहीत. तेव्हा पालेभाजीचा किंवा स्ट्रॉबेरीचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्याच्या बुडाला आणि झाकणाला भोके पाडावीत, चार बोटे ओलसर माती भरून वर बी हलक्या हाताने दाबावे, झाकण लावून डबा सरळ बर्फात ठेवून द्यावा आणि विसरून जावा. अमेरिकेतील लोक यासाठी दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन वापरायला सांगतात. पण आपल्या ऑन्टारियोत दूध पिशव्यांतून येते, तीन पिशव्या मिळून ४ लिटर, त्यामुळे आपल्या नशिबी डबेच. एप्रिल-मेमध्ये झाकणाला आतून दहिवर धरलेले असते आणि त्याखाली हिरवे ठिपके दिसू लागतात. त्या रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावावी लागत नाही, कारण ती जन्मापासून तिथेच असतात.

घरात मात्र जे पंधरा दिवसांत खाता येते तेच लावावे. मेथी तीन-चार दिवसांत रुजते आणि बोटभर झाली की कापून थालिपिठात घालता येते. धने अखंड न पेरता लाटण्याने हलके दाबून त्यांचे दोन भाग करावेत, नाहीतर रुजायला फार वेळ लागतो. लसणाच्या पाकळ्या उभ्या खोचल्या की आठवड्याभरात पात वर येते आणि तिची चटणी पानात पडते, त्या दिवशी बाहेर किती बर्फ आहे हे मी तरी पाहत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस भारतीय दुकानातून अळकुड्या आणाव्यात, डोळा फुगलेल्या निवडाव्यात आणि कुंडीत लावून उबदार जागी ठेवाव्यात. जूनमध्ये ती कुंडी बाहेर गेली की ऑगस्टपर्यंत अळुवडीपुरती पाने होतात. आले आणि हळद यांचेही तसेच, फक्त त्यांना डोळे फुटायला जास्त धीर लागतो.

गुडघाभर बर्फाविषयी तुमचा राग मला समजतो, पण तो वाफ्यावर पडलेला आहे ही चांगली गोष्ट आहे. बर्फात अडकलेली हवा गोधडीचे काम करते, आणि उघड्या मातीपेक्षा बर्फाखालची माती कितीतरी कमी गोठते. येत्या ऑक्टोबरमध्ये वाफ्यात लसूण लावून ठेवलात, तर पुढच्या जानेवारीत त्याच खिडकीतून पाहताना बर्फाखाली आपले काहीतरी आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या बाबतीत सर्वांत मोठा फरक त्यानेच पडला.

हिरवा वास फारच अनावर झाला, तर टोरोंटोतील अ‍ॅलन गार्डन्समध्ये जाऊन यावे. १९१० साली बांधलेल्या तिथल्या काचघरात ताडामाडांखाली दमट, उबदार हवा असते, चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर दापोली आठवते, तिकीटही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावोगावी ‘सीडी सॅटरडे’ भरतात. १९९० मध्ये व्हँकुव्हरला सुरू झालेल्या या बियाणे-अदलाबदलीच्या बाजारात लोक आपापल्या परसातले बी छोट्या पाकिटांत घेऊन येतात, आणि मिरचीविषयी बोलायला तिथे भाषेची अडचण पडत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे लिहितो. खिडकीशी उभे राहून पाहत बसणे रोजचेच झाले असेल, झोप आणि भूक बदलली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर ती केवळ बागेची ओढ नव्हे. हिवाळ्यातील उजेडाच्या अभावी येणाऱ्या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. त्यावर सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्सच्या खास दिव्यासमोर बसण्यासारखे उपचार आहेत. रोपांचा दिवा त्या कामाचा नाही. अशा वेळी आपल्या फॅमिली डॉक्टरांशी संकोच न करता बोलावे.

प्रश्न : माझी मुलगी ब्रॅम्प्टनला राहते. गेल्या मे महिन्यात तिने इथून नेलेले वालाचे बी लावले. वेल कुंपणभर पसरला, पण सप्टेंबरपर्यंत एक फूल आले नाही आणि मग थंडीने सगळे गेले. या हिवाळ्यात तिला घरचे, चांगले निवडलेले वाल आणि कांद्याचे बी पोस्टाने पाठवू का? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, बी चांगलेच होते आणि मुलीचेही काही चुकले नाही. आपल्याकडील वालाच्या बऱ्याच जुन्या, उंच वेलांच्या जाती दिवस लहान होऊ लागले की फुलतात. नाशिकला पावसाळा संपता संपता हे आपोआप जमून येते. ब्रॅम्प्टनला जूनमधील दिवस १५ तासांहून मोठा असतो, त्यामुळे वेल सबंध उन्हाळा फक्त पाने काढत राहतो, आणि दिवस पुरेसे लहान होईपर्यंत थंडी दारात येऊन उभी असते. कांद्याचे नेमके उलटे होते : नाशिककडचा कांदा लहान दिवसांत गाठ धरणारा आहे, तो तिथल्या मोठ्या दिवसांत रोप अंगाने भरण्याआधीच गाठ धरतो आणि गोटीएवढा राहतो. तिला मोठ्या दिवसांची जात तिथेच विकत घ्यायला सांगा, आणि वालाची बुटकी, दिवसाच्या लांबीला न जुमानणारी जात मिळाली तर तीच लावायला सांगा.

पोस्टाने बी पाठवू नका. कॅनडाचे वनस्पती-संरक्षणाचे नियम कडक आहेत, कागदपत्रांशिवाय आलेले बियाणे जप्त होऊ शकते, आणि माती लागलेली रोपे किंवा कंद तर सामानातूनही नेऊ नयेत. दुधी, कारली, भेंडी यांचे बी तिथल्या दक्षिण आशियाई दुकानांत सहज मिळते. पाठवायचेच असेल, तर तुम्ही वालाला मांडव कसा घालता आणि शेंडा कधी खुडता, ते सविस्तर लिहून पाठवा. ते पाकिटावर छापलेले नसते.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यापासून घरातील कढीपत्त्याची पाने गळत आहेत, आता नुसती काठी उरली आहे. खत घालू का? — एक वाचक, ओटावा

उत्तर : घालू नका, आणि पाणीही कमी करा. उजेड आणि ऊब कमी झाली की कढीपत्ता झोपी जातो, आणि झोपलेल्या झाडाच्या ओल्या मुळ्या कुजतात. बोटाचे दुसरे पेर बुडेपर्यंत माती कोरडी लागली तरच थोडे पाणी द्यावे. कुंडी फर्नेसच्या गरम झोतापासून आणि रात्री गोठणाऱ्या काचेपासून दूर ठेवावी. कोरड्या हवेत लाल कोळी आणि खवले कीड फार येते, तेव्हा उरलेल्या देठांवर बारीक जाळे किंवा तपकिरी खवले दिसतात का ते पाहावे आणि दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावे. खोड जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले तर मार्चपर्यंत काहीच करू नये, वरच्या बाजूला कोरडे आणि खालच्या बाजूला हिरवे दिसले तर तिथपर्यंत छाटावे. नवा कोंब दिसल्यावरच कुंडी बदलावी आणि जूनच्या आरंभी ती बाहेर नेताना पहिला आठवडा सावलीत ठेवावी. तोपर्यंत फोडणीसाठी दुकानातला कढीपत्ता आणावा. झाडाला राग येत नाही.